भावपूर्ण श्रद्धांजली: साहित्य आणि कृती

परवा ते पत्र पुन्हा आलं. तेच ते, ॲपलवाल्या स्टीव्ह जॉब्सने म्हणे मृत्युशय्येवर लिहिलेलं, पैसा निरर्थक आहे सांगणारं. वर हात जोडलेले तीन इमोजी, खाली 'डोळ्यांत पाणी आलं, अवश्य वाचा, पुढे पाठवा'. माणूस ५ ऑक्टोबर २०११ ला गेला, पण त्याचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

इतक्या वर्षांचा सराव असूनही मंडळींच्या दुःखात शिस्त म्हणून नाही. कुणी आधी मेणबत्ती लावतं, कुणी आधी युगाचा अंत करून मोकळं होतं. तंत्रज्ञानातलं पुढचं मोठं नाव काळ्या चौकटीत येईल तेव्हा अशी धावपळ नको, म्हणून कृती नीट लिहून देतो. जपून ठेवा.

साहित्य: काळा-पांढरा फोटो एक (हनुवटीला बोटं लावून थेट तुमच्याकडे बघणारा; अल्बर्ट वॉटसनने २००६ मध्ये काढलेला, मृत्यूनंतर ॲपलच्या संकेतस्थळावर लागलेला. वॉटसनचं नाव अर्थातच कापायचं). मेणबत्ती एक. 'कधीही भरून न येणारी पोकळी' एक. 'युग' एक. 'द्रष्टा' चवीनुसार. अवतरण एक, कुणाचंही चालेल. माहिती घालू नये, पोस्ट नासते.

सगळ्यात महत्त्वाचा वेग. बातमी खरी की खोटी हे बघत बसलात तर तोवर दुसरंच कुणी पोकळी निर्माण करून बसेल. खरं तर माणूस मरायची वाट पाहायचीही गरज नाही. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने जॉब्सचा तयार करून ठेवलेला मृत्युलेख ऑगस्ट २००८ मध्येच चुकून प्रसिद्ध केला होता, तीन वर्षं आधी. पुढच्या महिन्यात हा गृहस्थ मंचावर आला तर मागच्या पडद्यावर वाक्य: माझ्या मृत्यूच्या बातम्यांत भलतीच अतिशयोक्ती आहे. (वाक्य मार्क ट्वेनचं, आणि ट्वेनचं मूळ वाक्य इतकं चटपटीत नव्हतं. पण अवतरणांकडे नंतर येऊ.) ऑक्टोबरमध्ये सीएनएनच्या वाचक-बातमीदारांच्या पानावर कुणीतरी त्याला हृदयविकाराचा झटका आणला आणि ॲपलचा शेअर घसरला. असा झपाटा हवा.

मग तीन सफरचंदं. एक ईव्हचं, एक न्यूटनचं, एक जॉब्सचं. आत्ताच सुचल्यासारखं टाका.

सफरचंदावरून आठवलं, अध्यात्माचा एक थर द्यायला विसरू नका. तरुण जॉब्स नीम करोली बाबांच्या पायाशी बसला, बाबांनी त्याला स्वतःचं उष्टं सफरचंद दिलं, तेच पुढे कंपनीचं चिन्ह झालं. वाचताना अंगावर काटा येतो. बाबांनी देह ठेवला सप्टेंबर १९७३ मध्ये. जॉब्स भारतात आला १९७४ मध्ये. आणि ते चिन्ह रॉब जॅनॉफने १९७७ मध्ये काढलं. चावा एवढ्यासाठीच की आकार लहान केला तर ते चेरीसारखं दिसू नये. पण काट्याला तारखा कळत नाहीत.

आता कर्तृत्वाची यादी. इथे हात आखडता घेऊ नका. कॉम्प्युटर त्यानेच शोधला, माउस त्यानेच, मोबाइल त्यानेच, गाणी खिशात घालून हिंडणंही त्यानेच. माउस डग्लस एंगेलबार्टच्या प्रयोगशाळेत १९६४ च्या सुमाराला तयार झाला, लाकडी खोक्याला दोन चाकं लावून. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्याने तो हजारभर लोकांसमोर चालवून दाखवला, तेव्हा जॉब्स तेरा वर्षांचा होता. त्याला माउस भेटला १९७९ मध्ये, झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात. पुढची हकीकत डीन होवी सांगतो. ॲपलसाठी माउस नव्याने बनवायचं काम जॉब्सने त्याच्या कंपनीकडे दिलं होतं. झेरॉक्सचा माउस तीनशे डॉलरचा आणि दोन आठवड्यांत बिघडणारा. जॉब्सची मागणी अशी: पंधरा डॉलरच्या आत बनला पाहिजे, दोनेक वर्षं बिनतक्रार चालला पाहिजे, आणि साध्या टेबलावरच काय, माझ्या जीन्सच्या मांडीवरही चालला पाहिजे. होवी दुकानात गेला, रोल-ऑन डिओडरंटच्या बाटल्या घेऊन आला, त्यांतले गोळे काढले आणि लोणी ठेवायच्या डबीत बसवून बघितले. झेरॉक्सच्या माउसला तीन बटणं होती, ॲपलच्या माउसला एक राहिलं.

हा जॉब्स. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतली वस्तू बघून 'हिची किंमत काय, ती किती टिकते आणि घरी कोण वापरणार' हे तीन प्रश्न विचारणारा आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याचा जीव खाणारा. 'माउसचा जनक' या बिरुदापेक्षा हे शंभर पट भारी आहे. तुम्ही त्याला दुसऱ्याचं श्रेय बहाल करता आणि त्याचं स्वतःचं काम पुसून टाकता, याला आदरांजली म्हणायचं? असो. चिडायचं नाही असं ठरवलं होतं. यादीत आणखी दोन शोध वाढवा.

१६ फेब्रुवारी २०२० ला लॅरी टेस्लर गेला, तो कट-कॉपी-पेस्टवाला. त्याची श्रद्धांजली लोकांनी कॉपी-पेस्ट केली. तेवढी एकच रीतसर झाली म्हणायची.

चारचौघांसारखं रडणं ज्यांना कमीपणाचं वाटतं त्यांच्यासाठी वेगळी कृती आहे. दुसरा मेलेला माणूस शोधा आणि पहिल्याच्या अंगावर फेका. जॉब्सनंतर आठवड्याभरात, १२ ऑक्टोबर २०११ ला, डेनिस रिची न्यू जर्सीतल्या आपल्या घरी मृतावस्थेत सापडला. एकटा राहायचा, नेमका कोणत्या दिवशी गेला हेही कळलं नाही. बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत केन थॉम्प्सनबरोबर केलेली युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली, १९७२ च्या आसपास प्रोग्रॅम लिहायची सी भाषा, १९८३ चं ट्युरिंग पारितोषिक, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान. बातमी जुना सहकारी रॉब पाइक याने दिली. लगेच दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावून चित्र तयार: 'रिची नसता तर विंडोज नसतं, प्रोग्रॅम नसते, आपण सगळे अजून शून्य आणि एक वाचत बसलो असतो.' अहो, फोरट्रान १९५७ ची आणि लिस्प १९५८ ची. सी येण्याच्या चौदा-पंधरा वर्षं आधीपासून लोक माणसाला वाचता येईल अशा भाषेत प्रोग्रॅम लिहीत होते. रिचीची करामत वेगळीच. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला, म्हणून ती प्रणाली एका यंत्राच्या खुंटीला बांधलेली राहिली नाही. सोडून दुसऱ्या यंत्रावर नेता आली. जॉब्सच्या नेक्स्ट या दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरपासून मॅक आणि आयफोनपर्यंत सगळं त्याच घराण्यातलं. म्हणजे या दोघांचं भांडण लावायला जागाच नाही. पण भांडणाशिवाय लाइक कुठून येणार?

बरं, ज्या रिचीसाठी एवढा गळा काढला, त्याचं पुढे काय केलंत? ऑक्टोबर २०१६ मध्ये कुणाला तरी पाच वर्षांपूर्वीची बातमी सापडली. तारखेतला महिना वाचला, दिवस वाचला, वर्षापर्यंत नजर पोचली नाही. रिची पुन्हा वारला. जाणकार म्हणवणाऱ्यांनीही पुन्हा टोप्या काढल्या.

त्याच २०११ च्या २४ ऑक्टोबरला जॉन मॅकार्थी गेला. लिस्प त्याची, 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हा शब्दप्रयोगही त्याचा. त्याला कुणाच्या अंगावर फेकायलाही कुणी उचललं नाही.

अवतरण निवडताना एकच पथ्य: उगम शोधायचा नाही. 'स्टे हंग्री, स्टे फूलिश' जॉब्सच्या नावावर खपवा. १२ जून २००५ च्या स्टॅनफर्डच्या भाषणात तो स्वतः सांगतोय की हे होल अर्थ कॅटलॉग नावाच्या प्रकाशनाच्या शेवटच्या अंकाच्या मलपृष्ठावर छापलं होतं, ते काढणाऱ्या स्टुअर्ट ब्रँडचं नावही घेतोय, पण भाषण शेवटपर्यंत ऐकलंय कुणी? 'वेड्यांना सलाम'वालं ते स्फुटही त्याचंच म्हणून टाका. ते ॲपलच्या १९९७ च्या जाहिरातीसाठी एजन्सीतल्या लेखकांनी लिहिलं होतं, पगार घेऊन. त्या बिचाऱ्यांसाठी कुणी मेणबत्ती लावत नाही.

मेल्या म्हशीला मणभर दूध हा रिवाज पटत नसेल तर उलट बाजूला उभे राहा. तिकडेही गर्दी असतेच. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतल्या रिचर्ड स्टॉलमनने जॉब्स गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलं की तो मेला याचा आनंद नाही, पण तो गेला याचा आहे. स्टॉलमनचं निदान जुनं आणि मुद्द्याचं भांडण होतं: विकत घेणाऱ्यालाच आत हात घालू न देणारं सॉफ्टवेअर. तुमचं काय होतं? चार्जरची किंमत? अमेरिकेतल्या एका कडव्या चर्चच्या बाईंनी जॉब्सच्या अंत्यसंस्कारावर निदर्शनं करू असं ट्वीट केलं. ट्वीटखाली बारीक अक्षरांत आलं: आयफोनवरून.

आता वैद्यकीय सल्ला. हा सर्वात लोकप्रिय प्रकार आहे आणि याला पदवी लागत नाही. 'एवढा पैसा असून वाचला नाही, केमोनेच मारलं, नुसत्या रसावर राहिला असता तर आज असता.' वा! तो रसावरच होता हो. ऑक्टोबर २००३ मध्ये मूत्रपिंडांची तपासणी करताना स्वादुपिंडावर गाठ दिसली. स्वादुपिंडाचा नेहमीचा, काही महिन्यांत माणूस नेणारा कर्करोग तो नव्हता. संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींतून उठलेली न्यूरोएंडोक्राइन गाठ होती, तुलनेने संथ वाढणारी, कापून काढता येण्याजोगी. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू. तो नऊ महिने गाजराचा आणि फळांचा रस, शाकाहार, ॲक्युपंक्चर, जडीबुटी करत राहिला. शस्त्रक्रिया झाली जुलै २००४ च्या अखेरीस. पुढे आजार यकृतात गेला आणि २००९ मध्ये मेम्फिसला यकृत बदलावं लागलं. त्या नऊ महिन्यांनी किती आयुष्य खाल्लं याचा हिशेब कुणीही छातीठोकपणे मांडू शकत नाही, कर्करोगतज्ज्ञांतही एकमत नाही. तुम्ही मात्र दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळे, तोही नेमका उलटा.

आणि इथे मला सोंग जमत नाही. उरलेल्या थापांनी फार तर जॉब्सचा अपमान होतो, तो आता कुठे ऐकायला येतोय. पण ही पोस्ट वाचणाऱ्यांत कुणीतरी असतो ज्याच्या घरी कालच बायोप्सीचा कागद आलेला असतो. घाबरलेला माणूस काडीचाही आधार शोधतो, आणि तुम्ही त्याच्या हातात गाजराचा ग्लास देता. 'निसर्गोपचाराने करून बघू, ऑपरेशन काय नंतरही होईल' हे वाक्य घराघरांत कुठून येतं? तुमच्याकडून येतं. पुढे पाठवण्याच्या त्या बाणाला तुम्ही बोट लावता ना, तिथून येतं. नंतर त्या घरात काय झालं हे विचारायला तुम्ही जात नाही. लाज वाटली पाहिजे.

आता ते पत्र. 'यशाच्या शिखरावर पोचलो, पण या क्षणी संपत्ती निरर्थक वाटते, अंधारात यंत्रांचे हिरवे दिवे दिसतात, जगातली सगळ्यात महाग खाट कुठली तर आजाऱ्याची.' हे २०१५ च्या सुमाराला उगवलं, माणूस जाऊन चार वर्षं झाल्यावर. तो पालो आल्टोत आपल्या घरी गेला, भोवती घरची माणसं होती. तपासायला पाच मिनिटं लागत नाहीत. पत्रातलं एक सलग वाक्य उचला, दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधा, आणि निकाल तारखेने मागे नेत जा. खऱ्या शब्दांचा माग भाषण, मुलाखत, पत्र अशा कुठल्यातरी ठिकाणी संपतो. खोट्याचा माग कुणाच्या तरी भिंतीवर संपतो. फोटो असेल तर तोच चित्रशोधात टाका. बातमी असेल तर वर्ष वाचा, नुसता दिवस नाही. एवढं करायचं नसेल तर गप्प बसा. गप्प बसलेल्या माणसाला दुःख झालं नाही असं कुणी म्हणत नाही.

शेवटी तो काय बोलला हे ठाऊकही आहे. बहीण मोना सिम्प्सन तिथे होती. तिचं शोकसभेतलं भाषण ३० ऑक्टोबर २०११ ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं. त्याने दुसऱ्या बहिणीकडे पाहिलं, मग मुलांकडे बराच वेळ, मग बायकोकडे, मग त्यांच्या खांद्यांवरून पलीकडे कुठेतरी. आणि म्हणाला, 'ओह वॉव. ओह वॉव. ओह वॉव.' बस. पैशावर प्रवचन नाही, खाटेचं कोडं नाही. मरणाऱ्या माणसाचे स्वतःचे शब्द त्याच्या सख्ख्या बहिणीने जपून ठेवलेत, आणि तुम्हाला ते पुरेनात म्हणून तुम्ही त्याच्या तोंडात दोन पानं कोंबलीत.

परवाचं ज्यांनी पाठवलंय त्यांना एवढंच सांगायचं आहे की व्हॉट्सॲपवर 'सर्वांसाठी हटवा' दोन दिवसांहून थोडाच जास्त वेळ चालतं. संध्याकाळपर्यंत मुदत असेल. उघडा आणि हटवा.