धाब्यावर पाणी उडतं, मीठ नाही

‘समुद्राच्या रीलची सात सूत्रं’ नावाचा एक मेसेज सध्या जळगाव-धुळ्याकडच्या गळवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. रील म्हणजे मासे पकडायच्या रॉडवरचं लाइन (दोरी) गुंडाळायचं यंत्र. लिहिला कुणी ते कुणालाच ठाऊक नाही, पण खाली ‘अनुभवी कोळी बांधवांचा सल्ला’ हे मात्र न चुकता असतं. फिरतोय तर फिरू दे, म्हटलं होतं. आता तोच मेसेज भाच्याने पाठवलाय आणि खाली लिहिलंय, “मामा, डुमसहून आल्यापासून रील धाब्यावरच ठेवलंय.” डुमस म्हणजे सुरतजवळचा समुद्रकिनारा, आणि धाबं म्हणजे आमच्याकडे घराची गच्ची. म्हणून हे लिहिणं.

सूत्र पहिलं, आणि सगळ्यांत भारी: “आपल्या खान्देशात कोरडं कडक ऊन आहे. समुद्रावरून आलं की रील दोन दिवस धाब्यावर ठेवा, खारेपणा आपोआप उडून जातो. धुवायची गरज नाही.”

उडून जातो कुठे, भो? उन्हाने उडतं ते पाणी. मीठ जागच्या जागी बसून राहतं, मिठागरं चालतात ती याच जोरावर. धाब्यावर बिबड्या वाळत घातल्या आणि दोन दिवसांनी आळणी निघाल्या, असं कुणाच्या घरी झालंय का? लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. रीलमध्ये शिरलेला थेंब वाळला की त्याचे खडे उरतात. ते कुठे, तर लाइन ज्यावरून वळते त्या रोलरच्या बेअरिंगमध्ये, हँडलच्या नॉबमध्ये, बेलच्या (लाइन गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीच्या) सांध्यात आणि स्पूलखालच्या (लाइनच्या रिळाखालच्या) शाफ्टवर. म्हणजे नेमकं जिथे बोट पोचत नाही तिथे.

पण या सूत्रावर लोक विश्वास ठेवतात त्याला कारण आहे. मे महिन्यात असं वाळवलेलं रील खरंच ठीक वाटतं. हवा इतकी कोरडी असते की मीठ गप्प पडून राहतं. मग जून लागतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात तर मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला ३३ टक्केही पुरतात. आषाढात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी ओली होते ना, तेच कपाटातल्या रीलच्या पोटात चालू असतं. पोळ्याच्या सुमाराला रील बाहेर काढलं की रोलर जाम, हँडलमध्ये खरखर, आणि शिव्या कंपनीला.

शिवाय ऊन स्वतःही काही भलं करत नाही. ४४-४५ अंशांत तापलेल्या स्लॅबवर ग्रीसमधलं तेल सुटतं आणि नको तिथे उतरतं. नायलॉनची लाइन उन्हाने ठिसूळ होते ती वेगळीच.

आपल्यासाठी खरा प्रश्न अंतराचा आहे. जळगावहून सुरत तीनशे किलोमीटरच्या आसपास. तापी आपलीच असली आणि तिथे समुद्राला मिळत असली, तरी मीठ काही ओळख दाखवत नाही. घरी येऊन धुऊ म्हटलं तर तोवर खडे बसलेले असतात. म्हणून निघायच्या आधी तिथेच धुवा. दोन लिटर गोडं पाणी पुरतं. ड्रॅगचा, म्हणजे मासा ओढताना लाइन किती जोराने सुटेल ते ठरवणाऱ्या ब्रेकचा, नॉब पूर्ण आवळा, म्हणजे पाणी त्याच्या वॉशरमध्ये जात नाही. रॉड उभा धरून करंगळीएवढी बारीक धार सोडा आणि रोलर, बेलचे दोन्ही सांधे, हँडलचा नॉब, रीलचा पाय सगळं ओलं करा. रोलर बोटाने फिरवत राहा. झटका, फडक्याने पुसा आणि गाडीत सावलीत ठेवा. उकळतं पाणी ओतणारेही आहेत. मीठ साध्या पाण्यात लिटरला सुमारे ३६० ग्रॅम विरघळतं आणि गरम केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. पातळ होतं ते ग्रीस. घरी आल्यावर परत धुवायचं तर बोअरचं पाणी शेवटचं नको. ते जड असतं, पांढरे डाग सोडतं. शेवटी जारचं पाणी फिरवा.

दुसरं सूत्र: “वॉटरप्रूफ रील रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, मीठ सुटतं.” इथे ‘वॉटरप्रूफ’ या शब्दानेच घोळ केलाय. रीलच्या खोक्यावर आयपीएक्स आणि पुढे एक आकडा असतो. तो आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून येतो आणि त्या आकड्याचा अर्थ तिथे नेमका लिहिलाय. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा फवारा सोसतं. ६ म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १०० लिटरचा. बुडवण्याची चाचणी सुरू होते ७ पासून, तीही एक मीटर खोल आणि अर्धा तास. आणि त्याच मानकाप्रमाणे फवाऱ्याची चाचणी पास झाली म्हणजे बुडवण्याची झाली असं धरायचं नाही. पेन कंपनीच्या स्पिनफिशर सिक्सवर ५ आहे, स्लॅमर फोरवर ६. दोन्ही समुद्रासाठी चांगली रिलं, पण दोन्हींचा आकडा बादलीचा नाही. आणि रात्र अर्ध्या तासाची नसते. त्यात पहिलं सूत्र पाळून धाब्यावर तापवलेलं रील दुसऱ्या सूत्राप्रमाणे थंड पाण्यात टाकलं, तर आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढते. एका सूत्राने दुसऱ्याचं काम सोपं केलं, एवढंच.

हां, भिजवणं पूर्ण चूक नाही, मान्य करतो. ब्रेडेड (विणलेली) लाइन खारं पाणी धरून ठेवते आणि वरवरच्या धारेने खालचे थर सुटत नाहीत. पण भिजवायचा तो फक्त स्पूल. ड्रॅगचा नॉब काढा, वॉशर अडवणारी तारेची कडी काढा, वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडा, मोबाइलवर फोटो घ्या. मग स्पूल पंधरा-वीस मिनिटं पाण्यात. गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा जेट मात्र कशालाच नको, तो पाण्यासोबत वाळूही आत मारतो.

तिसरं: “सगळीकडे डब्ल्यूडी-४० मारा, नाहीतर खोबरेल.” डब्ल्यूडी-४० हा डब्यातला स्प्रे. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं. १९५३ मध्ये सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने ते केलं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून ४०, आणि पहिला मोठा उपयोग झाला तो ॲटलस क्षेपणास्त्राचं बाहेरचं आवरण गंजू नये म्हणून. बाहेरचं आवरण! तेवढ्यापुरतं रीललाही चालेल: फडक्यावर घ्या आणि बाहेरचा धातू पुसा. बेअरिंगमध्ये मारलं तर आतलं तेल-ग्रीस धुऊन निघतं आणि मागे उरतो तो अगदी पातळ थर. ड्रॅगच्या वॉशरवर उडालं तर ड्रॅग धक्के देत सुटतो, आणि मोठा मासा लागलेला असताना धक्का म्हणजे लाइन गेलीच. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात पहाटे जळगावचा पारा दहाच्या आसपास असतो, तेव्हा हँडल फिरवून बघा.

तेल कुठे आणि ग्रीस कुठे, हे कळलं की निम्मं काम झालं. रोलर, हँडलचा नॉब आणि बेलच्या सांध्यांना रीलच्या पातळ तेलाचा एकेक थेंब, खरंच एकच. गिअर आणि स्क्रूच्या आट्यांना ग्रीस. हँडल उलटं फिरू न देणाऱ्या क्लचला ग्रीस कधीच नाही, त्यातले बारीक रोलर घसरतात आणि हँडल मागे फिरतं. ड्रॅगला ड्रॅगचंच ग्रीस. आणि डायवा कंपनीचं मॅगसील असेल तर त्या जागी काहीच घालायचं नाही, तिथे चुंबकाने धरलेलं खास तेलच सीलचं काम करतं.

चौथं, “स्टेनलेस गंजत नाही.” गंजतं. क्रोमियमचा जो अदृश्य थर त्याला वाचवतो तो मिठातलं क्लोराइड भोक पाडून फोडतं. ३१६ स्टीलमध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते जास्त टिकतं, पण बेअरिंगला लागतं ४४०सीसारखं कडक स्टील, आणि ते या बाबतीत कच्चं. शिवाय ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचा स्क्रू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच. स्क्रूभोवती पांढरी पावडर दिसली तर समजा ॲल्युमिनियम झिजतंय.

पाचवं, “जितकी बेअरिंग जास्त तितकं रील चांगलं.” बारा उघड्या बेअरिंगपेक्षा पाच सीलबंद बरी. गंजायला जागा कमी.

सहावं, “ड्रॅग कायम आवळून ठेवा.” धुताना हो, ते वर सांगितलंच. पण वाळलं की पूर्ण सैल करा, नाहीतर फेल्टचे वॉशर दबून चपटे होतात. मासेमारीच्या वेळी लाइनच्या ताकदीच्या पाव ते तीस टक्के. दहा किलोची लाइन असेल तर सामान मोजायच्या काट्याने ओढून अडीच-तीन किलो लावा. ‘वीस किलो ड्रॅग’ छापलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका, तो तुम्ही कधी वापरणारच नाही.

सातवं, लिंबाने रील घासायचं. आम्लाने ॲल्युमिनियमवरचा ॲनोडायझिंगचा संरक्षक थर जातो. पुढे बोलत नाही.

आणि भाच्या, तू आधी रील सावलीत आण आणि थंड होऊ दे. मग ड्रॅग आवळून वर सांगितलं तसं धू, आज एकदा आणि वाळल्यावर उद्या परत, कारण बसलेले खडे एका धुण्यात सुटत नाहीत. स्पूल वेगळा भिजव. मग लाइनचा तुकडा रोलरवरून घेऊन दोन्ही टोकांनी हलका ओढ. रोलर फिरला पाहिजे. लाइन त्याच्यावरून नुसती घसरली, तर रोलरचा स्क्रू काढून बेअरिंग बाहेर घे. शेवटी हँडल कानाशी धरून सावकाश फिरव. आत वाळू चावल्यासारखा आवाज आला, तर तेल ओतून दाबू नकोस. पावसाआधी उघडूनच घे.