रात्रीचा डाइव्ह, काठावरचा सोबती आणि ‘दर्यावर्दी’ यांची तक्रार

नमस्कार दर्यावर्दी,

प्रतिक्रिया लांबलचक लिहिलीत, तेव्हा उत्तरही लांबणार. इतर वाचकांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगते. ‘डाइव्ह न करणारा सोबती बरोबर असेल, तर रात्रीची जागा आधी त्याच्याकडे बघून निवडा’ असं मी रात्रीच्या स्कूबा डाइव्हवर, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन अंधारात समुद्राखाली उतरण्यावर, लिहिलं होतं, ते तुम्हाला पटलं नाही. एवढा पैसा, एवढी सुट्टी खर्चायची आणि खाली काय दिसेल ते सोडून वर कोण कंटाळेल याचा विचार करायचा, हा उफराटा न्याय झाला, असं तुमचं म्हणणं. सोबत्याला बोटीवर बसवा, तो वरून लक्षही ठेवील. आणि जाता जाता टोला: गोव्यात राहून गोव्याच्या समुद्राला नावं ठेवायची आणि लोकांना अंदमान-बालीची वाट दाखवायची, हे बरं नव्हे.

टोल्यापासूनच सुरू करते. गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडला मी नावं ठेवत नाही. सकाळी बोट काढायची, सुझीज रेक या बुडालेल्या जहाजावर उतरायचं, दुपारी घरी येऊन शीतकडी जेवायची, हा सुखाचा दिवस आहे, आणि नवशिक्यांना तिथलं उथळ पाणी बरं पडतं. पण झुवारी आणि मांडवी दोन्ही नद्या आपला गाळ त्याच टापूत आणून ओततात. पाणी निवळलं तरी व्हिजिबिलिटी, म्हणजे पाण्याखाली दिसतं ते अंतर, चार-सहा मीटरवर आली की आपण खूश होतो. रात्री अशा पाण्यात टॉर्च लावला की उजेड गाळाच्या कणांवर आपटून डोळ्यांतच परत येतो. आंबोली घाटात दाट धुक्यात गाडीचा अप्पर मारून बघा, तेच. शिवाय मुरगाव बंदराची जहाजं, बार्जेस आणि ट्रॉलर यांची ती वाट. दिवसा बोटवाल्याला लांबून सगळं दिसतं. अंधारात तिथे नांगर टाकून कोणाला तासभर बसवायचं, तर मी माझ्या माणसाला बसवणार नाही. तुम्ही सुचवलेलं कर्नाटकातलं नेत्राणी बेटही तसंच. मुरुडेश्वरहून तासा-दीड तासाचा बोटीचा प्रवास, भोवती उघडा समुद्र. दिवसा जरूर जा.

आता बोटीवर बसण्याबद्दल. डाइव्ह पाऊण तासाचा असतो, पण सोबत्याचा वेळ पाऊण तासाचा नसतो. ब्रीफिंग, जॅकेट-टाक्या चढवणं, तिथवर जाणं, सगळे वर येईपर्यंत थांबणं आणि परतणं धरलं, तर त्याचे अडीच-तीन तास सहज जातात. नांगरलेली छोटी बोट एका जागी डुलत राहते. दिवसा निदान क्षितिजावर नजर लावून पोट ताब्यात ठेवता येतं. रात्री क्षितिजच नाही, वर डिझेलचा वास. ज्याला कधी बोट लागत नाही त्यालाही लागते. आणि बऱ्याच बोटींवर शौचालय नसतं, हे बायका मला खासगीत विचारतात आणि पुरुष कधीच विचारत नाहीत.

‘वरून लक्ष ठेवील’ हे तर मुळीच नको. माझा नवरा एकदा असाच बोटीवर थांबला होता. वरून त्याला काय दिसलं? काळ्या पाण्याखाली हिरवट उजेडाचे चार गोळे. ते इकडून तिकडे सरकत होते, मध्येच एखादा खडकामागे गेला की विझल्यासारखा व्हायचा. त्यातला माझा कुठला हे त्याला कळेना. एक गोळा बराच वेळ दिसला नाही, तेव्हा त्याने खलाशाला विचारलं. खलाशी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, ‘येतील.’ मी वर आले तेव्हा नवऱ्याने बाकाची कड अशी धरली होती की बोटांचे सांधे पांढरे पडले होते. तेव्हापासून माझ्या टाकीच्या मानेला रासायनिक लाइट-स्टिक बांधलेली असते, बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाची. पृष्ठभागावर आले की टॉर्च मोठ्या गोलात फिरवायचा, म्हणजे सगळं ठीक. टॉर्च भराभर आडवा हलला तर मदत हवी. हे दोन इशारे त्याला पाठ आहेत. पण तेवढ्याने तो राखणदार होत नाही. ज्याने कधी रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारं तोंडातलं यंत्र) तोंडात धरला नाही, त्याच्यावर खालच्या चौघांची जबाबदारी टाकणं हे त्याच्यावरही अन्याय करणं आहे. वर थांबणारा शिकलेला माणूस डाइव्ह सेंटरचाच हवा. तो नसेल तर माझ्या लेखी ती जागा बाद, मग खाली कितीही ऑक्टोपस असोत.

म्हणून मी काठावरून उतरायच्या जागा आधी बघते. यात खालचा आनंद कमी होतो, हा तुमचा समज आहे. प्रवाळ रात्री पाच मीटरवरही आपले तंतू पसरून बसतं, आणि पोपट मासा अंगाभोवती चिकट पारदर्शक कोष विणून उथळ कपारीतही झोपतो. खोली फार नसली की हवा पुरते, एकेका कपारीपाशी थांबता येतं. काठावर दोन दिवे लावून ठेवायचे, एकामागे एक, मागचा उंच. समुद्रातून दोन्ही एका रेषेत दिसले की बाहेर पडायची वाट सापडली. सोबती त्या दिव्यांपाशी खुर्ची टाकून बसतो. कंटाळला तर उठून चहा पिऊन येतो, आणि ते त्याच्या मर्जीने.

बालीतल्या तुलांबेनचं नाव मी त्यासाठीच घेतलं होतं. ‘लिबर्टी’ हे अमेरिकन मालवाहू जहाज. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जखमी झालं, तेव्हा ते ओढत आणून किनाऱ्याला लावलं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते घसरून पाण्यात गेलं. आज ते काठापासून जेमतेम तीस मीटरवर सुरू होतं. म्हणजे तुम्ही जहाजात हिंडताय आणि बायको काठावरच्या हॉटेलात जेवण मागवतेय, हे खरोखर शक्य आहे. एकच अडचण, तिथे वाळू नाही, गोटे आहेत. टाकी पाठीवर घेऊन अंधारात त्यांवरून चालताना पाय मुरगळतो, तेव्हा जाड तळाचे बूट घ्या.

सोबती म्हणजे नेमका कोण, हेही बघायला हवं. डाइव्ह न करणारा वेगळा आणि पाण्याला भिणारा वेगळा. ज्याला पोहता येतं आणि बोट लागत नाही, त्याच्यासाठी हवाईतल्या कोनाची मँटा-रे हे मोठे चपटे मासे दाखवणारी रात्र आहे. डायव्हर तळाशी बसतात, स्नॉर्कलवाले, म्हणजे तोंडात नळी धरून वरच तरंगणारे, दिवे लावलेल्या तरंगत्या फळीला धरून वर राहतात, आणि उजेडाकडे आलेला प्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खायला मँटा दोघांच्या मधून गिरक्या घेतात. दोघांनी एकच गोष्ट एका वेळी पाहिली, असं फार थोड्या ठिकाणी होतं. अर्थात हवाईचं तिकीट बघून मी तो विषय तूर्त मिटवला आहे.

तिथी मात्र फुकट बघता येते. पुष्कळ जण पौर्णिमा धरतात, काठावरच्याला चांदणं मिळेल म्हणून. पण पौर्णिमा आणि अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे लहान भरती, प्रवाह नरम. त्यातही कालनिर्णयात शुद्ध अष्टमी शोधा. दिवस मावळताना चंद्र डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीपर्यंत राहतो, म्हणजे सोबत्याला पायाखालचं दिसतं. वद्य अष्टमीलाही भांगच, पण चंद्र मध्यरात्री उगवतो, संध्याकाळ काळीकुट्ट. ती घ्यायची तर पाजव्यासाठी, म्हणजे हलवलं की समुद्राचं पाणी अंधारात चमकतं त्यासाठी. पाणी चमकतंय असं कळलं की सोबत्याला घोटाभर पाण्यात उभं करा आणि पाय हलवायला सांगा. तुम्ही खाली टॉर्च विझवून जे बघता, त्यातलं थोडं त्यालाही दिसेल.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्हीच लिहिलंय की फेब्रुवारीत सपत्नीक जायचंय, वहिनींना पोहता येत नाही आणि ग्रँड आयलंडच्या फेरीत त्यांना बोट लागली होती. मग बोटीवर बसवायचा सल्ला त्यांना विचारून दिलात का? तुम्ही हॅवलॉकला जा. आता त्याचं नाव स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) फेरीबोट टाळता येणार नाही, पण मोठी कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, घ्या आणि मधल्या भागातल्या खुर्च्या मागा. घड्याळ तेच असलं तरी अंदमान आपल्या बरंच पूर्वेला. फेब्रुवारीत सूर्य साडेपाचच्या आसपास बुडतो, गोव्यापेक्षा तासभर आधी. सहाच्या सुमाराला पाण्यात शिरलात तर आठच्या आत दोघं एका टेबलावर जेवाल. तिथे नीमो रीफ या प्रवाळाच्या जागी काठावरूनच उतरता येतं. आदल्या दिवशी उजेडात तीच जागा एकदा करून घ्या, दोन टॉर्च बाळगा, आणि रात्रीचा डाइव्ह देतात का, वर त्यांचा माणूस थांबतो का, हे सेंटरला इथूनच फोन करून विचारा. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. किनाऱ्यावर त्यांच्या सूचनांचे फलक असतात, ते वाचा, आणि तिवरांच्या बाजूला वहिनींना अंधारात पाय बुडवायला सांगू नका. घोटाभर पाण्याचं मघाशी लिहिलं ते सेंटरवाल्यांना विचारूनच.

परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर निदान अठरा तासांनी धरायचं असतं, त्यामुळे रात्रीचा डाइव्ह मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी ठेवू नका. मधल्या दिवशी ठेवलात तर पाऊस-वारा आला तरी एक संध्याकाळ हाताशी राहील.