वचन पाठ करा, पण समोरच्याच्या वाट्याचं

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, रोजच्या आयुष्यात उतरवायचं कसं, हा प्रश्न मला कित्येक वर्षं छळत होता. गेल्या मंगळवारी तो कायमचा सुटला. दोन वर्षांपूर्वी उसने दिलेले पैसे मी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका विश्वासी बंधूंकडे मागितले. (विश्वासी म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा; विश्वासी आणि विश्वासू यांत फरक असतो, हे मलाही जरा उशिराच कळलं.) पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी फोनवर उत्तर आलं. मागे सूर्योदय, कोपऱ्यात कबुतर आणि मधोमध बायबलातलं वचन, लूक ६:३५: परत मिळण्याची आशा न धरता उसने द्या. खाली जोडलेले हात, तीनदा. पैशांबद्दल अवाक्षर नाही.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वचन आचरणात आणायचंच असतं, फक्त ते समोरच्याने. आपलं काम आठवण करून देण्याचं. ही सेवा ज्यांना करायची आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

सुरुवात घरापासून करा. नवरा असाल तर इफिसकरांस पत्र ५:२२ तोंडपाठ हवं: स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा. आदल्याच वचनात सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन असावं असं लिहिलंय, तिकडे बघू नका. सर्वात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदसुद्धा नाही, ते एकविसाव्यातूनच घ्यावं लागतं, असं कोणी सांगू लागलं तर त्याला जास्त शिकलेला म्हणून गप्प करा. आणि पंचविसावं वचन, जिथे ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तशी बायकोवर प्रीती करा असं पतींना सांगितलंय, ते येण्याआधी पान उलटा.

कोणाच्या घरी माणूस गेलं असेल, तर दारात चपला काढतानाच रोमकरांस ८:२८ म्हणा: सगळं मिळून कल्याणच होतं. बायबलातल्या ईयोबाची मुलंबाळं गेली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द न बोलता. घोळ झाला तो त्यांनी तोंड उघडल्यावर. तुम्हाला एवढा वेळ कुठला? थेट आठव्या दिवसापासून सुरू करा.

चहाडी करू नये. प्रार्थनेचा विषय सांगावा, नावागावासकट.

अडल्यानडल्याला ‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’ म्हणून वाटेला लावा. याकोबाने दुसऱ्या अध्यायात असल्यांची हजेरी घेतली आहे खरी, पण त्याचं पत्र आहेच केवढं!

आणि आता क्षमा. क्षमा ही नेहमी दुसऱ्याने करायची गोष्ट आहे. मत्तय १८:२२ काढा, क्षमा किती वेळा करायची म्हणून येशूने सांगितलेला सत्तर वेळा सात हा गुणाकार करा, ४९० हा आकडा समोरच्याच्या तोंडावर मारा आणि हात झटका. त्याच अध्यायात सात वचनं अलीकडे लिहिलंय की भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याचा दोष त्याला दाखव. मी एकांतातच गेलो होतो, मंडळीत बोभाटा केला नव्हता. लूक १७:३ मध्ये ‘त्याने पश्चात्ताप केला तर’ असे शब्द आहेत, ते कुठे गेले? जकातदार जक्कय तर येशूसमोर उभा राहून आपणहून म्हणाला की फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो. मला चौपट नको रे, एकपट पुरे! निर्दय चाकराचा दृष्टांतही मला ऐकवून झाला (स्वतःचं प्रचंड कर्ज धन्याने माफ केलं, तरी याने आपल्या छोट्या कर्जदाराला तुरुंगात टाकलं), त्यातला निर्दय अर्थातच मी. पण त्या दृष्टांतातला तो छोटा कर्जदार शंभर दिनार देणं लागत होता. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची मजुरी ही काही चिल्लर नव्हे. आणि तो बिचारा पाया पडून म्हणाला, ‘जरा दम धरा, मी फेडतो.’ ‘फेडतो’ म्हणाला! त्याने कबुतर नाही पाठवलं.

बस झाली ही थट्टा. मंदिराच्या शिखरावर उभं करून सैतानानेही येशूला पवित्र शास्त्रातलं एक्याण्णवावं स्तोत्रच ऐकवलं होतं. वचन तोंडपाठ असणं ही काही मोठी करामत नाही. नव्या करारातल्या २७ पुस्तकांपैकी २१ पत्रं आहेत, पत्रं! ज्याच्या नावाचं आहे त्याने वाचायचं. नवऱ्याच्या वाट्याचं नवऱ्याने, बायकोच्या वाट्याचं बायकोने. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडून त्यालाच मोठ्याने वाचून दाखवता, आणि वर त्याला साक्ष म्हणता? लाज कशी वाटत नाही?

लूक ६:३५ माझ्याच नावाचं आहे, कबूल. ते मला जड जातंय, हेही कबूल. ते मी आणि प्रभू बघून घेऊ. बंधो, तू मध्ये पडू नकोस. तुझ्या नावाचं सदतिसाव्या स्तोत्रात आहे, एकविसावं वचन: दुर्जन उसने घेतो आणि फेडत नाही. सूर्योदयावर छापून तुला पाठवायला घेतलं होतं, मग पुसून टाकलं.

रविवारी उपासनेला येशीलच. बायबल विसरलास तरी चालेल, पैशांचं पाकीट आण.