अधिकच्या चिन्हालाही जागा लागते

भारताची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या, साडेपाच तास पुढे. हे प्रोग्रॅममधून ‘+०५:३०’ असं सहा अक्षरांत छापायचं काम ‘चहाच्या आधी उरकेल’ म्हणून नव्या माणसाच्या गळ्यात मारतात, आणि मला त्या माणसाची दया येते.

तास दोन अंकी हवेत, म्हणून तो टक्का-अधिक-शून्य-दोन-डी (%+02d: चिन्ह दाखव, शून्यं भर, रुंदी दोन, पूर्णांक) लिहितो. छापून येतं ‘+५:३०’. ही खूण वाचून छापणाऱ्या प्रिंटएफ फंक्शनच्या हिशेबी रुंदी म्हणजे अंकांची संख्या नव्हे. त्यात चिन्हही धरलेलं असतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरणाऱ्या उतारूसारखं हे चिन्ह एक जागा आधीच अडवून बसतं, तेव्हा दोनाच्या जागी तीन लिहायला हवेत. सिडनीत चाचणी केली तर ‘+१०’ झकास उमटतं, म्हणून हा दोष बरोबर आपल्याच वाट्याला येतो. आरएफसी ३३३९ या इंटरनेटवर तारीख-वेळ लिहिण्याच्या मानकाला तास दोन अंकीच लागतात. कडक पार्सर, म्हणजे मजकुराचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम, ‘+५:३०’ दारातूनच परत पाठवतो. यावर कुणी शहाणा ‘+०’ हे थेट मजकुरात चिकटवतो. मग सिडनी ‘+०१०’ होते.

शून्य विसरून नुसतं टक्का-अधिक-तीन-डी लिहिलं, तर चिन्हाच्या आधी मोकळी जागा पडते. मजकुराला पुढून भर घालणारं जावास्क्रिप्टचं पॅडस्टार्ट त्याहून भोळं: ‘+५’ ला शून्य भरून तीन अक्षरांचं करायला सांगा, ते इमानेइतबारे ‘०+५’ देतं. तेच काम करणाऱ्या पायथनच्या झेडफिलला चिन्ह कळतं, त्याच पायथनच्या आरजस्टला कळत नाही. एकाच घरातले दोघे, पण संस्कार वेगळे.

खरी गंमत उणे बाजूला. कॅनडातलं न्यूफाउंडलंड हिवाळ्यात उणे साडेतीन तास, म्हणजे उणे २१० मिनिटं. सी भाषेत साठाने भागलं की तास उणे ३, बाकी उणे ३०. छापून येतं ‘-०३:-३०’. हे बघताक्षणी चूक दिसतं, म्हणून मला ते सज्जन वाटतं. पायथनचा पूर्णांकी भागाकार खालच्या पूर्णांकावर उतरतो: तास उणे ४, बाकी ३०. ‘-०४:३०’ असं देखणं उत्तर येतं, आणि ते तासाभराने चुकलेलं असतं. लायबेरिया १९७२ पर्यंत उणे पाऊण तासाच्या आसपास होता. तिथे तास शून्य, शून्याला उणे चिकटत नाही, आणि हाती येतं ‘+००:-४४’.

उपाय एकच. आधी चिन्ह बाजूला काढा, मग उरलेल्याची चिन्हाविना किंमत घ्या, मग भागा, आणि तास-मिनिटं दोन्ही टक्का-शून्य-दोन-डीने छापा. यूटीसीपासूनचा फरक मिनिटांत सांगणारं जावास्क्रिप्टचं गेटटाइमझोनऑफसेट भारतासाठी उणे ३३० देतं, तेव्हा तिथे चिन्ह आधी उलटवा.

जावातल्या तारीख छापणाऱ्या जुन्या सिंपलडेटफॉरमॅटला नमुन्यात, वेळेच्या फरकाची खूण म्हणून, एकच एक्स दिला, तर ते मिनिटं गिळून ‘+०५’ देतं. हा दोष म्हणावा, तर त्यांच्या दस्तऐवजात उदाहरणच ‘+०५:३०’ चं आहे. म्हणजे आपला अर्धा तास बघूनसवरून उडवलेला. तीन एक्स द्या.

शिवाय ‘सहाच अक्षरं’ ही खात्रीही धरू नका. यूटीसीला बरेचजण नुसतं ‘झेड’ छापतात. कोलकात्याची १८५४ पूर्वीची स्थानिक वेळ पायथन ‘+०५:५३:२८’ अशी नऊ अक्षरांत देतं, आणि तारखेसाठी मोजून पंचवीस अक्षरांचा रकाना ठेवणारा तिथे अडकतो.

एवढं निस्तरून ते वेबच्या पत्त्यात घातलं, की पलीकडचा सर्व्हर अधिकचं चिन्ह मोकळी जागा म्हणून वाचतो. तिथे अधिकच्या ऐवजी टक्का-दोन-बी लिहायचं.