‘मोठ्या दवाखान्यात लेकरू नेऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परभणी, हिंगोली, नांदेड, सगळीकडं एक मेसेज फिरायलाय, तुम्हाला पण आला असंल. वर लिहिलंय ‘डोळे उघडणारं सत्य’, खाली हात जोडलेले इमोजी, आणि मधी हे मुद्दे : ब्लड कॅन्सर झालेलं लेकरू तसंही वाचत नाही, केमोनंच मरतं. पाठीतून पाणी काढून लेकरू लुळं करतात. मुंबई-पुण्याच्या बालरुग्णालयांत सही घेऊन लेकरांवर प्रयोग करतात. आईबापाला जवळ थांबू देत नाहीत. सदाफुलीच्या पानानं आठ दिवसांत फरक पडतो पण हे दवाखानेवाले लपवतात. शेत विकल्याशिवाय तिथं कोणी विचारत नाही. आणि केमो चालू असताना ताप आला तर घाबरू नका, ते विष बाहेर पडायलंय, काढा द्या.

मी डॉक्टर नाही. परभणीला मेडिकलवर बसतो, आणि मेहुण्याच्या पोरीला ब्लड कॅन्सर निघाला तेव्हा मुंबईत तिच्याजवळ बदली माणूस म्हणून राहिलेलोय. परवा एक जण काऊंटरवर फोन पुढं करून विचारायला लागला की भाऊ, न्यावं का नको, त्याच्या हातात लेकराच्या सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचा, रिपोर्ट होता, म्हणून हे लिहायलोय.

‘लेकरू वाचत नाही’ हे १९४० साली कोणी म्हणलं असतं तर मी गप बसलो असतो, कारण तेव्हा औषधच नव्हतं. १९४८ ला बोस्टनच्या सिडनी फार्बर नावाच्या डॉक्टरनं छापलं की १६ लेकरांना अमिनोप्टेरिन दिलं आणि १० जणांना उतार पडला, तो पण काही महिन्यांपुरताच. ते औषध ज्यांच्या हाताखाली तयार झालं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या आंध्रातले, भीमावरमचे, हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. त्याच औषधाचं भावंड मेथोट्रेक्सेट आजपण लेकरांच्या ब्लड कॅन्सरला चालतं, आणि माझ्या दुकानातून संधिवाताला पण जातं.

आज लेकरांमधला जो सगळ्यात जास्त दिसणारा ब्लड कॅन्सर आहे, डॉक्टर ज्याला एएलएल म्हणतात, तो श्रीमंत देशांत शंभरातल्या नव्वदेक लेकरांचा बरा होतो. सगळे बालकॅन्सर धरले तर जागतिक आरोग्य संघटना म्हणते की श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त बरे होतात आणि गरीब देशांत ३० टक्क्यांच्या आत. आता बघा, रोग तोच, औषधं बहुतेक तीच, जुनी, जेनेरिक मिळणारी. मग एवढा फरक कशानं? उशिरा ओळखू येणं, चुकीचं निदान, इन्फेक्शन सांभाळायची सोय नसणं, आणि इलाज अर्ध्यात सोडणं.

उशिराचं उदाहरण माझ्या काऊंटरवर रोज दिसतं. लेकराला पंधरा-पंधरा दिवस ताप, रंग पिवळट-पांढरा, पाय दुखतो म्हणून चालंना, अंगावर निळे डाग, आणि गावातला कोणीतरी स्टेरॉइडचं इंजेक्शन ठोकतो. ताप उतरतो, लेकरू खेळायला लागतं, सगळे खूश. पण स्टेरॉइड हे ह्या कॅन्सरवरचं खरंखुरं औषध आहे, त्यानं पेशी तात्पुरत्या कमी होतात, रोग झाकला जातो आणि पुढं बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी, केली तरी चित्र धूसर येतं. असं लेकरू महिन्यानं मुंबईला पोचलं आणि दगावलं की गावात बोलणं होतं, ‘केमोनं मारलं’.

अर्ध्यात सोडायचं कारण पण समजून घ्या. पहिल्या महिनाभराच्या केमोनंतर बहुतेक लेकरांच्या रिपोर्टात कॅन्सर दिसतच नाही. आईबापाला वाटतं झालं बरं, कशाला अजून दोन-अडीच वर्षं लेकराचे हाल. रानातला कुंदा वरून खुरपला तर चार दिवस वावर स्वच्छ दिसतं, गड्डा खाली जिवंतच असतो, तसलं आहे हे. सोडलं की परत येतो, आणि परत आलेला कॅन्सर आधीपेक्षा चिवट असतो. केमोत लेकरं दगावतच नाहीत असं मी म्हणणार नाही, काही दगावतात, जास्त करून इन्फेक्शननं, त्यावर शेवटी लिहितो.

आता पाठीतलं पाणी. ह्या भीतीपायी आपल्याकडं सगळ्यात जास्त भांडणं होतात, आज्जी तर दारातच आडवी पडते. वॉर्डात ह्याला ‘आयटी’ म्हणतात, इंट्राथेकल, म्हणजे पाठीतल्या पाण्यात औषध सोडणं. लेकराला गुंगी देतात, कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घेतात, आणि कमरेच्या खालच्या दोन मणक्यांच्या मधून बारीक सुई घालतात. मज्जारज्जू त्याच्या बराच वरती संपलेला असतो, खाली नुसते नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात, सुई आली की बाजूला सरकतात. थेंब-थेंब पाणी बाटलीत घेतात, ते तपासायला जातं, आणि त्याच सुईतून मेथोट्रेक्सेट आत सोडतात. नंतर लेकराला थोडा वेळ आडवं ठेवतात. कोणाचं डोकं दुखतं, कोणाची कंबर. मेहुण्याची पोरगी उठून पहिलं काय म्हणली तर, भूक लागलीय, कारण सकाळपासून उपाशी ठेवलेली.

आणि हे करायचंच कशाला? कारण शिरेतून दिलेली बरीच औषधं मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाहीत. १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं की रक्तातून कॅन्सर गेलेली लेकरं काही महिन्यांनी डोकेदुखी, उलट्या घेऊन परत यायलीत, कॅन्सर मेंदूच्या आवरणात दडून बसलेला. अमेरिकेत मेम्फिसला १९६२ साली सेंट ज्यूड नावाचं लेकरांचं हॉस्पिटल निघालं, तिथं डोनाल्ड पिंकेल आणि त्यांच्या टीमनं डोक्याला रेडिएशन आणि पाठीतून मेथोट्रेक्सेट असं जोडून दिलं, आणि पहिल्यांदा निम्मी लेकरं खरोखर बरी व्हायला लागली. म्हणजे ज्या सुईला आपण लुळं करणारी म्हणतो ती ह्या इलाजात होती म्हणून बरं होणाऱ्या लेकरांचा आकडा निम्म्यापर्यंत चढला.

इथूनच ‘प्रयोग करतात’ ह्या मुद्द्याकडं येतो. हो, संशोधन चालतं. लपून नाही, उघड. त्याच सेंट ज्यूडनं २००९ साली दाखवलं की पाठीतलं औषध आणि केमो नीट बसवली तर डोक्याचं रेडिएशन सगळ्याच लेकरांना वगळता येतं. ज्या रेडिएशननं लेकरांची वाढ खुंटायची, अभ्यासात मागं पडायची, ते काढून टाकलं. संशोधन म्हणजे कायम नवं औषध टोचणं असं आपल्याला वाटतं, पण लेकरांच्या कॅन्सरमधलं कितीतरी काम हे इलाज कमी कसा करता येईल ह्याचंच आहे. आपल्याकडं पण ‘आयसिकल’ नावाचा मोठा अभ्यास झालाय, देशातली मोठी कॅन्सर सेंटरं एकत्र आली, मुंबईचं टाटा त्यात होतं. कोणत्या लेकराला किती जोराचा इलाज लागतो हे भारतातल्याच लेकरांवरून ठरवायचं, एवढ्यासाठी.

सहीचं म्हणाल तर नियम असा आहे : औषधाच्या चाचणीला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, चाचणी सरकारच्या वेबसाइटवर आधी नोंदवावी लागते, आईबापाची लेखी संमती लागते, आणि सात वर्षांच्या वरच्या लेकराला त्याच्या भाषेत सांगून त्याचा पण होकार घ्यावा लागतो. तुम्ही नाही म्हणू शकता, मधीच बाहेर पडू शकता, नेहमीचा इलाज बंद होत नाही. पण एक गोष्ट मेसेजवाल्याच्या बाजूनं बोलतो. इंग्रजीत छापलेला फॉर्म पुढं सरकवून ‘इथं सही करा’ म्हणणारी माणसं मी स्वतः बघितलीत, आणि बापानं विचारलं की कपाळाला आठ्या. तिथं दबायचं नाही. मराठीतून समजावून सांगा म्हणायचं, फॉर्मची कॉपी मागायची. आणि एवढं पण विचारायचं की ही सही इलाजाची आहे का अभ्यासाची. बहुतेक सह्या केमो, रक्त चढवणं, भूल ह्यांच्याच असतात.

आईबापाला थांबू देत नाहीत, हे अर्धं खरं. वॉर्डात लेकराजवळ एक माणूस राहतो, बहुतेक आईच. मामा, काका, सरपंच असे दहा जण जीपमधून आले तर गेटवर अडवतात, आणि अडवायलाच पाहिजे, कारण काउंट पडलेल्या, म्हणजे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या, लेकराला तुमची साधी सर्दी आयसीयूत नेऊ शकते. आयसीयूत मात्र वेळ ठरलेली असते, ते जड जातं, खरंय.

सदाफुली. हा मुद्दा वाचून मला हसावं का रडावं कळंना. लपवलं कोणी? विनक्रिस्टीन नावाचं इंजेक्शन, जे एएलएलच्या जवळपास प्रत्येक लेकराला मिळतं, ते सदाफुलीतूनच निघालंय. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर शुगरवर चालतं का बघायला तिच्या पानांचा अर्क उंदरांना देत होते, शुगर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या, आणि तिथून आधी विनब्लास्टीन, मग विनक्रिस्टीन. पण पानात ते असतं किती, तर काही क्विंटल वाळलेल्या पानांतून ग्रॅमभर. लेकराचा डोस असतो एक-दीड मिलिग्रॅमच्या आसपास, कितीही मोठा पेशंट असला तरी साधारण दोनच्या वर जात नाहीत, कारण जास्त झालं की नसा बधिर होतात, पाऊल उचलंना, पोट गच्च होतं. वॉर्डात दोन सिस्टर समोरासमोर उभ्या राहून नाव, फाईल नंबर, डोस मोठ्यानं वाचतात मगच लावतात. आणि हे औषध चुकून पाठीतून गेलं तर माणूस दगावतो, म्हणून बाटलीवरच लिहिलेलं असतं की फक्त शिरेतून. एवढ्या जपून द्यायच्या गोष्टीचा पाला मूठभर वाटून लेकराला पाजायचा म्हणजे डोस किती गेला कोणाला माहीत, वर पानात दुसरे पण कितीतरी अल्कलॉइड, आणि पोटातून विनक्रिस्टीन नीट लागतच नाही. फायदा शून्य, विषबाधा फुकट.

पैशाचा मुद्दा मी झटकणार नाही, ह्यात दम आहे. औषधाचा खर्च बराचसा निघतो : महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशन कार्ड, आधार घेऊन जायचं. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन पेशंटला मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवायचा कायदाच आहे. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट, देवगिरी असू दे नाहीतर नंदीग्राम, दवाखान्याचं सर्टिफिकेट लागतं. पण रोजगार बुडतो त्याची योजना नाही. ऐन सोयाबीनच्या काढणीत बाप मुंबईत, घरी दुसरं लेकरू आज्जीजवळ, खोलीभाडं, डबा, रिक्षा. बहुतेक लोक इलाज सोडतात ते इथंच, केमोला भिऊन कमी. म्हणून पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागात जाऊन बसायचं, तिथून राहायची-जेवायची सोय आणि ट्रस्टची मदत लागते. टाटाला लेकरांच्या विभागानं असा आधार द्यायला सुरू केल्यावर अर्ध्यात सोडणारी लेकरं पुष्कळ कमी झालीत. आणि संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कॅन्सर हॉस्पिटल आहे, सगळ्याच गोष्टीला मुंबई लागत नाही, मुंबईच्या डॉक्टरलाच विचारायचं की ह्यातलं काय-काय तिथं घेता येईल.

राहिला तापाचा काढा. अख्ख्या मेसेजमधली ही ओळ खरोखर जीव घेऊ शकते. केमोनंतर काही दिवस लेकराच्या पांढऱ्या पेशी जवळपास संपलेल्या असतात. तेव्हा आलेला ताप म्हणजे रक्तात इन्फेक्शन, असंच धरून चालायचं, आणि अँटिबायोटिक शिरेतून दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात चालू व्हायला पाहिजे. १००.४ च्या वर काटा गेला की रात्रीचे दोन का वाजले असंनात, निघायचं. मुंबईला नाही, जवळच्या मोठ्या दवाखान्यात, फाईल घेऊन, आणि फाईलवरच्या नंबरवर वाटेतूनच फोन लावायचा. तिथल्या डॉक्टरला पहिलं वाक्य सांगायचं, केमो चालू आहे. कमरेत इंजेक्शन देऊ द्यायचं नाही, प्लेटलेट कमी असतात, आत रक्त साकळतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक पण नको, त्याच कारणानं. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघू असं तर अजिबात नको, ताप झाकला जातो, इन्फेक्शन तसंच वाढत राहतं.

त्या काऊंटरवरच्या भाऊला मी एवढंच सांगितलं की हा सीबीसी आजच लेकरांच्या डॉक्टरला दाखव, आणि तोपर्यंत कोणाकडून स्टेरॉइड घेऊ नको.