संसाराची साक्षांकित प्रत जोडावी

आपला विवाह एका अमेरिकी नागरिकाशी झाला आहे, आपल्याला तिकडे बोलावून घेण्यासाठी त्यांनी भरलेले आय-१३० पिटिशन मंजूर झाले आहे आणि ‘आता फक्त व्हिसाचे तेवढे राहिले’ असे आपण नातेवाइकांना सांगू लागला आहात, त्याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. ‘तेवढे’ या शब्दात किती महिने मावतात हे ठाऊक नसल्यामुळेच माणसे एवढ्या उत्साहाने पेढे वाटू शकतात. आपला विवाह झाला आहे हे अमेरिकेच्या एका खात्याने मान्य केले, इतकाच पिटिशनच्या मंजुरीचा अर्थ आहे. झालेल्या विवाहातील दोघांनी एका घरात राहावे की नाही हा प्रश्न दुसऱ्या खात्याचा असून, त्यासाठी आपली फाइल न्यू हॅम्पशर राज्यातील पोर्ट्समथ या गावी, नॅशनल व्हिसा सेंटर नावाच्या कचेरीत गेली आहे. या कचेरीला माणूस कधी दिसत नाही, त्याचे स्कॅन केलेले कागद तेवढे दिसतात. तेव्हा येथून पुढे आपण माणूस असल्याची समजूत सोडून द्यावी आणि सरळ, स्वच्छ, कडा न कापलेली पीडीएफ होण्याचा प्रयत्न करावा. तत्पूर्वी अर्जाचे ३२५ आणि आधारपत्राचे, म्हणजे यजमानांच्या हमीपत्राचे, १२० डॉलर भरावेत. ते परत मिळत नाहीत. या बाबतीत ही कचेरी मंगल कार्यालयाच्या ॲडव्हान्सइतकीच स्पष्ट आहे.

डीएस-२६० या व्हिसाच्या अर्जातील नावाचा रकाना मराठी स्त्रियांनी विशेष जपून भरावा. ‘यापूर्वी आपण अन्य कोणते नाव वापरले आहे काय’ हा प्रश्न फरारी गुन्हेगारांना डोळ्यांसमोर ठेवून रचलेला असावा, परंतु त्याचे सर्वांत लांबलचक उत्तर आपल्याकडच्या नव्या नवरीलाच द्यावे लागते. शाळेच्या दाखल्यावर मधले नाव वडिलांचे, नव्या पासपोर्टवर नवऱ्याचे, आधार कार्डावर मधले नावच नाही, आणि लग्नाच्या दिवशी नवरदेवाने ताटातल्या तांदळांत अंगठीने कोरलेले नाव या सर्वांहून निराळे. ते नाव तांदळांबरोबर डब्यात गेले असते तर प्रश्नच नव्हता. पण सासऱ्यांनी कौतुकाने ते शिधापत्रिकेवर चढवले असेल, तर माहेरची अमकी आणि सासरची तमकी या दोन स्त्रिया एकच असल्याचे आपणांस मुद्रांकावर लिहून द्यावे लागेल. नोटरीला हे पटते, कारण नोटरीला सर्व काही पटते.

जन्मदाखल्याचे थोडे अधिक नाजूक आहे. आपण काही दशकांपूर्वी एखाद्या तालुक्याच्या गावी जन्मला असाल, तर नगरपालिकेच्या नोंदीत तारीख, लिंग, आईवडिलांची नावे हे सर्व असू शकेल आणि बाळाचा रकाना मात्र कोरा असेल, कारण नोंद बारशाच्या आधी झाली आणि बारशानंतर त्या कचेरीत पुन्हा कोणी फिरकले नाही. म्हणजे त्या दिवशी त्या घरात एक मुलगी जन्मली हे सिद्ध आहे. ती आपणच, हे नाही. अशा वेळी मातोश्रींना नोटरीसमोर उभे करून, आपला जन्म झाला तेव्हा त्या स्वतः तेथे हजर होत्या असे शपथेवर वदवून घ्यावे.

याच अर्जात आपण दहशतवादी कृत्ये केली आहेत काय, वंशसंहारात भाग घेतला आहे काय, माणसांचे अवयव सक्तीने काढून दुसऱ्यांना बसवण्याच्या कामी आपला हात होता काय आणि बहुपत्नीत्व आचरण्यासाठी आपण अमेरिकेला निघाला आहात काय, अशी विचारणा केलेली आढळेल. येथे हसू नये. एकाच पतीजवळ पोहोचण्यासाठी एवढी यातायात चाललेली असताना जादा जोडीदारांचे नियोजन कोण करील, असा प्रतिप्रश्न विचारण्यासाठी अर्जात जागा दिलेली नाही. सोळाव्या वर्षापासून आपण जेथे जेथे राहिलात ते सर्व पत्तेही द्यायचे आहेत. पुण्यात शिकताना चार वर्षांत पाच काकूंकडे कॉट बेसिसवर राहिलेल्यांनी त्या काकूंचा माग आताच काढायला घ्यावा.

यजमानांच्या बाजूचा मुख्य कागद म्हणजे आय-८६४ हे आधारपत्र. पत्नी सरकारी मदतीवर भार होणार नाही अशी ही हमी असून, त्यासाठी कुटुंबाच्या आकारमानानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागते. पाहण्याच्या कार्यक्रमात आपल्या मोठ्या काकांनी ‘पॅकेज किती’ असे विचारले तेव्हा आपण शरमेने मान खाली घातली होती. त्यांना कराच्या विवरणाची सरकारी नक्कल मागण्याचे सुचले नाही, एवढीच त्यांची चूक होती. या हमीची मुदत मात्र शांत चित्ताने वाचावी. पत्नी अमेरिकेची नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खाती कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षे, जमा होईपर्यंत, किंवा ती कायमची देश सोडून जाईपर्यंत, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत ही हमी चालू राहते. घटस्फोटाने ती संपत नाही. भटजींनी अग्नीसमोर वदवून घेतलेले ‘नातिचरामि’ वकिलांच्या मदतीने सोडवता येते, आणि कोणत्याही मंत्राशिवाय, बहुधा रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉपवर केलेली ही सही मात्र सुटत नाही. यापुढे मुहूर्त काढायचाच झाला तर तो या सहीचा काढावा आणि सप्तपदी हौस म्हणून उरकून घ्यावी, असे आमचे नम्र मत आहे.

विवाह खरा असल्याचा पुरावा म्हणून छायाचित्रे लागतात, आणि आपल्याजवळ ती दोन हजार आहेत या भ्रमात आपण आहात. करिझ्मा अल्बम उघडून पाहावा. मंगलाष्टकांच्या वेळी दोघांच्या मध्ये अंतरपाट आहे, म्हणजे पुराव्याच्या दृष्टीने आपण परस्परांना भेटलेलाच नाहीत. होमाच्या धुरात दोघेही डोळे पुसत आहात, यावरून सक्तीचा विवाह असल्याचा संशय येऊ शकतो. स्टेजवरच्या प्रत्येक छायाचित्रात आपल्या दोघांच्या मधोमध आहेराचे पाकीट धरलेले एक गृहस्थ उभे आहेत, आणि ते कोण हे दोन्हीकडच्या मंडळींना आजवर निश्चित सांगता आलेले नाही. उरलेल्या अडीचशे छायाचित्रांत मेंदीचे हात आहेत, आणि ते कोणाचेही असू शकतात. अशा परिस्थितीत हळदीच्या दिवशी चुलतभावाने फोनवर सहज टिपलेला, तोंडात जिलबीचा घास असलेला एकमेव फोटोच काय तो उपयोगी पडेल.

संभाषणांचे स्क्रीनशॉट जोडताना हाच धोका संभवतो. मराठी दांपत्याचे प्रेम ‘जेवलीस का’, ‘हो’, ‘काय’, ‘पोळीभाजी’ या चार संदेशांत पूर्णपणे व्यक्त होते, पण भाषांतरानंतर ते एखाद्या खानावळीच्या नोंदवहीसारखे दिसते. यासाठी अधूनमधून, शक्यतो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, एकमेकांना आठवण येत असल्याचे वाक्य इंग्रजीत लिहीत जावे. भांडणे मात्र वगळू नयेत. खोट्या विवाहातील माणसे परदेशातून दीड तास फोन करून, ‘तुझ्या आईने माझ्या आईला असे का म्हटले’ या विषयावर बोलत नाहीत.

कागद पुरे झाल्याचे कळवणारी ईमेल आली, म्हणजे केस ‘डीक्यू’ झाली, की प्रतीक्षेचा निखळ काळ सुरू होतो. आता करण्यासारखे काहीही नसल्यामुळे माणसे दिवसातून अकरा वेळा पोर्टल उघडतात. अकरा हा आकडा आम्ही उगाच घेतलेला नाही: हैदराबादजवळच्या चिलकूरच्या बालाजीला, ज्याला लोक व्हिसा बालाजी म्हणतात, नवस बोलताना अकरा प्रदक्षिणा घालतात आणि काम झाल्यावर एकशे आठ घालायला परत येतात. तेथे हुंडी नाही. ४४५ डॉलर आधीच भरून बसलेल्या भाविकांना ही व्यवस्था अधिक पारदर्शक वाटल्यास नवल नाही. दरम्यान प्रत्येक लग्नकार्यात आपणांस ‘अजून इथेच?’ असे विचारले जाईल. या प्रश्नातील खोल सहानुभूती ओळखून ‘पुढच्या महिन्यात’ असे उत्तर द्यावे. हे उत्तर कोणत्याही महिन्यात चालते.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट कचेरीतून मिळतो, त्याविषयी सांगण्यासारखे विशेष नाही. चौकशीला आलेल्या हवालदारांना चहा द्यावा आणि साखर विचारून घालावी. वैद्यकीय तपासणी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. त्यात छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासणी असते, आणि लसींचा हिशेब असतो. लहानपणी गोवराची लस दिली तेव्हा आपण रात्रभर रडला होतात आणि आजोबा आपल्याला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत होते, ही आईची साक्ष कितीही तपशीलवार असली तरी तिच्यावर शिक्का नसल्याने ग्राह्य धरली जात नाही. पुन्हा टोचून घ्यावे. या वेळी रडू नये.

मुलाखतीसाठी भारतभरातून मंडळी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात येतात. २०११ पूर्वी हा दूतावास ब्रीच कँडीला होता आणि तेथे समुद्राच्या वाऱ्यावर ताटकळता येत असे; आता काचेच्या इमारतींच्या उन्हात ताटकळावे लागते. फोन आत नेता येत नाही, त्यामुळे आयुष्यात प्रथमच आपण पतीच्या संपर्काबाहेर असाल, आणि नेमक्या त्याच वेळी आपले वैवाहिक संबंध किती घनिष्ठ आहेत हे सांगायचे असेल. आदल्या रात्री आपण दोघांनी सासूबाईंचा रक्तगट, यजमानांच्या टूथपेस्टचा छाप आणि पलंगाची डावी-उजवी बाजू पाठ केलेली असेल. काचेपलीकडचे अधिकारी उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावतील, लग्न केव्हा झाले, पती काय काम करतात आणि ओळख कशी झाली असे विचारतील, आणि साडेचार किलोच्या फाइलीतील दोन कागद मागून घेतील. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना आत्याबाईंनी स्थळ सुचवल्यापासून पत्रिका जुळेपर्यंतचा इतिहास सांगू नये. अठ्ठावीस गुण जमले ही माहिती मागितल्याशिवाय देऊ नये.

यानंतर काहींना २२१(जी) कलमाचा कागद मिळतो. एखादा दस्तऐवज कमी आहे किंवा चौकशी बाकी आहे, असा त्याचा अर्थ असतो, पण कायद्याच्या भाषेत तो नकारच असल्याने पोर्टलवर ‘रिफ्यूज्ड’ असे शब्द उमटतात. हे चौकशीतले ‘रिफ्यूज्ड’ की खरोखरचे ‘रिफ्यूज्ड’, हा भेद फार सूक्ष्म आहे. तो समजावून घेण्यासाठी वेदान्त वाचावा. सासरी मात्र समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नये.

आणि मग एके दिवशी व्हिसा येतो. ग्रीन कार्डासाठी आणखी २३५ डॉलर भरावेत, आणि तिकीट काढण्यापूर्वी लग्नपत्रिकेवरची तारीख पाहावी. प्रवेशाच्या दिवशी विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळते. ते संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा शुल्क भरायचे आणि संसार खरा असल्याचे पुन्हा सिद्ध करायचे. दोन वर्षे झालेली असतील तर दहा वर्षांचे कार्ड. म्हणजे ज्या दिरंगाईला आपण इतके महिने शिव्याशाप दिलेत, तीच आपल्यावर प्रसन्न होण्याच्या बेतात आहे, आणि आपण निघण्याची घाई करीत आहात. दुसऱ्या लग्नवाढदिवसाला अजून तेवीस दिवस आहेत ना? मग व्हिसाची मुदत पाहून घ्यावी आणि बांधलेली बॅग पलंगाखाली सरकवावी. यजमानांना सुटी रद्द करायला सांगावे. वाढदिवसाच्या संध्याकाळी, त्यांच्याकडे सकाळ असताना, दोघांनी आपापल्या फोनसमोर एकेक केक कापावा, आणि स्क्रीनशॉट घेताना कोपऱ्यातील तारीख कापली जाणार नाही याची काळजी घ्यावी.