‘सगळेच घेतात’ हे पोरांना सांगू नका

रविवारी सकाळी गोल्फ क्लब मैदानावरून पळून आल्यावर भाच्याने मोबाईल पुढे केला. “मामा, हे खरंय का?” पोरगा सोळा वर्षांचा, पाच हजार मीटर पळतो. नाशिकमधल्या पळणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: चॅम्पियन सगळेच ‘घेतात’, म्हणजे ताकद वाढवणारी बंदी असलेली औषधं; सापडतो तो बावळट. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग एकाही टेस्टमध्ये सापडला नाही. दुकानात उघड मिळतं, वनस्पतीपासून बनतं, ते डोपिंग नव्हेच. क्रिकेटमध्ये चेंडूला सँडपेपर घासणं आणि मांकडिंग (चेंडू टाकायच्या आत क्रीज सोडणाऱ्या पलीकडच्या फलंदाजाला गोलंदाजाने बाद करणं) चालतं, मग आपणच सोवळं का पाळायचं? आणि शेवटी, सगळ्यांनाच परवानगी द्या, म्हणजे शर्यत बरोबरीची होईल.

त्याच्या सॅकमध्ये सप्लिमेंटचा एक नवा कोरा डबाही निघाला. तेव्हा माझं डोकं फिरलं.

आधी डब्याचंच बोलतो, कारण पोरांचं खरं नुकसान तिथे होतं. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींनी 4×400 रिलेचं सुवर्ण जिंकलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. पुढच्याच वर्षी त्या चौघींपैकी तिघी डोप टेस्टमध्ये सापडल्या, बरोबर आणखी तिघी. नमुन्यांत स्टेरॉइड निघालं. सहाही जणींचं म्हणणं एकच होतं: प्रशिक्षकाने चीनहून आणलेलं जिनसेंग घेतलं, त्यात काय आहे ते ठाऊक नव्हतं. जिनसेंग म्हणजे वनस्पतीचं मूळच की! नाडाच्या, म्हणजे देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेच्या, समितीने एका वर्षाची बंदी घातली. प्रकरण लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेलं आणि 2012 मध्ये त्याने ती दोन वर्षांची केली. लंडन ऑलिंपिक हुकलं. प्रशिक्षकाची नोकरी गेली, पण मुलींची उमेदीची वर्षं कोण परत देणार?

नियमच तसा आहे. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. कोणी दिलं, दुकानदार काय म्हणाला, डब्यावर हिरवं पान छापलं होतं का, यावरून फार तर शिक्षा कमी-जास्त होते. मिथाइलहेक्सानअमाइन नावाचं उत्तेजक डब्यांवर ‘जेरेनियमचा अर्क’ अशा साध्या नावाने छापलेलं असायचं. सोळाव्या वर्षी पोराला ते कसं कळणार? आणि वाढत्या वयात स्टेरॉइड पोटात गेलं, तर हाडांची वाढ वेळेआधी थांबू शकते. मेसेज लिहिणाऱ्याने याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

‘सगळ्यांना परवानगी द्या’ हे तर ऐकवत नाही. पूर्व जर्मनीने हे करून पाहिलंय. 1974 पासून सरकारी योजनाच होती. कोवळ्या वयाच्या मुलींनाही स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या व्हिटॅमिन म्हणून दिल्या गेल्या, आईबापांना पत्ता नाही. आवाज घोगरे झाले, यकृतं बिघडली, काहींना आयुष्यभराची दुखणी लागली. 2000 साली बर्लिनच्या न्यायालयाने तिथले क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड यांना दोषी ठरवलं. परवानगी मिळाली की बरोबरी होत नाही. ज्याचा डॉक्टर जास्त बेफिकीर, तो पुढे जातो. त्र्यंबकच्या पाड्यावरून येणाऱ्या पोरीकडे कुठला आलाय डॉक्टर?

आर्मस्ट्राँग. 1999 च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत त्याच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड सापडलं होतं, मागची तारीख घातलेली डॉक्टरची चिठ्ठी दाखवून तो सुटला. हे त्याच्या संघातल्यांनीच पुढे शपथेवर सांगितलं. 2012 मध्ये सातही विजेतेपदं गेली, 2013 मध्ये त्याने स्वतः कबुली दिली. टेस्ट त्याला वर्षानुवर्षं पुरती पकडू शकल्या नाहीत, हे मात्र मान्य करावं लागतं. पण आता नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमधल्या महिलांच्या 1500 मीटरची पहिली आणि दुसरी, दोघींचीही पदकं रक्ताच्या नोंदींतल्या गडबडीवरून नंतर काढून घेतली.

क्रिकेटचं थोडक्यात. केपटाऊनला 2018 मध्ये सँडपेपरच्या प्रकरणात आयसीसीने ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्मिथला एकाच कसोटीची बंदी घातली, हे खरं. पण त्याच्याच बोर्डाने त्याला आणि वॉर्नरला वर्षभर घरी बसवलं. आणि मांकडिंग ही फसवणूक नाही. 1947 मध्ये विनू मांकड यांनी बिल ब्राउनला बाद केलं ते नियमात बसत होतं. 2022 मध्ये क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या एमसीसीने ते ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून सरळ धावबादच्या कलमात टाकलं. चेंडू सुटायच्या आत क्रीज सोडणारा फलंदाज आणि गोळी गिळणारा धावपटू एका मापाने कसे मोजता?

राहिलं ‘सगळेच घेतात’. 2023 मध्ये भारतात 5,606 नमुने तपासले गेले आणि दोषी निघाले सुमारे 3.8 टक्के. इतक्या मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांमध्ये त्या वर्षी हे प्रमाण सर्वाधिक होतं. लाज वाटण्यासारखं आहे, आणि न सापडलेलेही असतील. तरी उरलेल्या शंभरातल्या शहाण्णव जणांना चोर ठरवायला एवढा आकडा पुरत नाही.

डबा माझ्या कपाटात आहे, सील तसंच. पावती भाच्याच्या दप्तरात सापडली, उद्या दोघं मिळून परत करायला जाणार आहोत. आणि तो मेसेज त्याच्या ग्रुपवर टाकणाऱ्या दादाला मी फोन केलाय. त्याचाही धाकटा भाऊ याच मैदानावर पळतो.